मास्तर, मोटारसायकल आणि मधले दोन इंच

मास्तरांचे पाय जमिनीला पोचत नाहीत ही बातमी फुटली ती मोठ्या चौकातल्या लाल दिव्याखाली, सकाळी साडेदहा वाजता. म्हणजे ज्या वेळी त्यांची निम्मी गिऱ्हाइके कचेरीला जाताना त्याच चौकात खोळंबलेली असतात. नवी गाडी ताब्यात घेऊन अवघी बावीस मिनिटे झाली होती. दिवा लाल झाला, मास्तरांनी शिस्तीत ब्रेक दाबला, गाडी आज्ञाधारकपणे थांबली आणि मास्तरांनी डावा पाय खाली सोडला. पाय खाली जात राहिला. जिन्याला आणखी एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे काहीसे झाले. आणि मास्तर, त्यांचे नवे हेल्मेट व एकशे नव्वद किलो वजनाची काळी कुळकुळीत मोटारसायकल अशी तिन्ही मंडळी शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोवर अलगद रेलली.

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. "काका, डोळा लागला का?"

"पाय घसरला," मास्तर म्हणाले.

"घसरायला आधी टेकावा लागतो," टेम्पोवाला म्हणाला, आणि दिवा हिरवा झाला तरी बराच वेळ निघाला नाही.

आता कोणी विचारील की, तीस वर्षे शिंपीकाम केलेल्या, माणूस दारातून आत येताच त्याच्या खांद्यांचे माप डोळ्यांनी सांगणाऱ्या माणसाला गाडी विकत घेताना तिची उंची दिसली नाही काय? दिसली. परंतु विक्रीच्या दालनात गाडी भक्कम घोड्यावर उभी होती, मास्तरांचे पाय पायट्यांवर होते, समोर भिंतभर आरसा होता आणि विक्रेता म्हणाला होता, "सर, तुमच्यासाठीच बनवलीय." हे वाक्य मास्तर स्वतः दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना ऐकवत असत. तरीही त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्याच्या दुकानात गेले की आपण सगळेच गिऱ्हाईक होतो.

आणि गाडी घेणे टळणारे नव्हते. त्याचे कारण थोरले.

थोरले म्हणजे मास्तरांचे साडू, मास्तरीणबाईंच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. सासरी हे थोरले आणि मास्तर धाकटे, अशी हाक लग्नापासून पडली होती. ती नात्यावरून पडली होती, पण दोघे शेजारी उभे राहिले की नवख्या माणसाला वेगळे कारण सुचे. थोरल्यांचा दोष एकच: ते फार मदत करीत. सासरचे कोणतेही कार्य असो, त्यांची मोटार मास्तरांच्या इमारतीखाली येऊन तीनदा भोंगा वाजवी आणि सव्वीस वर्षे मास्तर त्या मोटारीच्या मागच्या आसनावर, मांडीवर कोणाची तरी पिशवी घेऊन बसत आले होते. आता थोरल्यांनी गावाबाहेर चाळीस किलोमीटरवर नवे घर बांधले होते. त्यांचा फोन आला: "पुढच्या महिन्यातला पहिला रविवार, दोघंही जेवायलाच या. बसच्या भानगडीत पडू नका, मी न्यायला येतो."

मास्तर म्हणाले, "नको. आम्ही आमच्या गाडीनं येऊ."

त्या वेळी गाडी नव्हती. ती दुसऱ्या दिवशी घेतली.

तेव्हा हाताशी महिनाभराची मुदत होती आणि पाय व जमीन यांच्यामध्ये एक लाजिरवाणे अंतर. ते मिटवण्यासाठी मास्तर गाडी ढकलत चौकापलीकडच्या गॅरेजवाल्याकडे गेले. हा गृहस्थ कमी बोले आणि जास्त खोले. त्याने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मास्तरांभोवती एक घातली आणि निदान केले.

"मागचा शॉक खाली घेऊ. पुढचे पाइप वर सरकवू. सीटचा फोम तासू. होईल. पण तुमच्या पायाची आतली लांबी सांगा. नेमकी पाहिजे, अंदाज नको."

आतली लांबी म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंतचे माप. ते स्वतःचे स्वतःला घेता येत नाही, कारण टाच बघायला वाकले की माप बदलते, हे शिंप्याच्या धंद्यातले पहिलेच ज्ञान. आणि ग्रीसने माखलेल्या हातांनी परक्या माणसाने आपल्याला टेप लावावा हे मास्तरांना मान्य नव्हते. म्हणून दुकानातून मास्तरीणबाईंना बोलावणे गेले.

येथे दुकानाचा एक रिवाज सांगणे भाग आहे. मास्तर माप घेत तेव्हा आकडा मोठ्याने पुकारीत आणि बाई तो वहीत टिपून घेत. मात्र पुकारलेला आकडा आणि टिपलेला आकडा कधीच एक नसे. पोटाचा घेर चव्वेचाळीस भरला की मास्तर "बेचाळीस" म्हणत आणि बाई निमूटपणे चव्वेचाळीस लिहीत. छाती छत्तीस भरली की "अडतीस" म्हणत, बाई छत्तीस लिहीत. कोट शिवायला आलेल्या माणसाच्या मागे त्याची बायको, मेहुणी, कधी होणारे सासरे उभे असतात. त्यांच्यादेखत त्याला उघडे पाडू नये, कपडा मात्र खऱ्या मापाने शिवावा, असे हे धोरण होते. नेहमी दोनच इंच, आणि नेहमी माणसाच्या बाजूने. मास्तरांच्या वडिलांनी, अण्णांनी, ते पाडले होते आणि गिऱ्हाईक एकदा आले की सुटत नसे त्याचे अर्धे श्रेय या दोन इंचांना होते.

तर बाई टेप घेऊन आल्या. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइके आपापल्या गाड्यांची वाट पाहत होती, चहावाला रिकाम्या पेल्यांसाठी थांबला होता, आणि योगायोग असा की तो टेम्पोवालाही चाकात हवा भरायला आला होता. मास्तर ताठ उभे राहिले. बाईंनी टेप लावला, टाचेशी वाकून पाहिले, क्षणभर थांबल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अठ्ठावीस."

गॅरेजवाल्याने खडू घेतला आणि भिंतीवर हातभर आकड्यात '२८' असे लिहिले.

आठ दिवसांनी गाडी तयार झाली. मास्तर बसले. दोन्ही पाय खाली सोडले. पाय जमिनीपासून बरोबर दोन इंचांवर थांबले.

गॅरेजवाल्याने टेप लावून सीटची उंची मोजली. बरोबर होती. भिंतीवरचा आकडा पाहिला. मास्तरांना उतरवून पुन्हा बसवले. असे सहा वेळा झाले.

"माप बरोबर, गाडी बरोबर," तो शेवटी म्हणाला. "मग पाय जातात कुठं?"

"मला काय विचारता?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही वर ओढून घेताय. भीतीनं माणूस आखडतो."

"मी आखडत नाही."

"मग जमीन खाली गेली असेल," असे म्हणून त्या प्रामाणिक माणसाने शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ मागून आणली आणि गॅरेजची फरशी तपासली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध उभा राहिला. फरशी निर्दोष सुटली आणि संशय मास्तरांवर कायम राहिला.

मग सल्ले सुरू झाले. औषधाच्या दुकानदाराने कॅल्शियम सुचवले. केशकर्तनालयवाल्याचे म्हणणे पडले की सकाळी दाराच्या चौकटीला अर्धा तास लोंबकळावे. मास्तरांनी छप्पन्नाव्या वर्षी कशासाठी लोंबकळावे हे मात्र त्याला सांगता आले नाही. सर्वांत अभ्यासपूर्ण सल्ला इमारतीच्या सोसायटीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या सचिवांनी दिला.

"जाड तळाचे बूट करून घ्या. आमचे एक विभागीय अधिकारी टाचेत इंचभर रबर घालत. तीन बढत्या मिळाल्या."

"गाडीवर?"

"खुर्चीवर. पण तत्त्व तेच."

मास्तरांनी दोन इंच तळाचे बूट करून घेतले. पहिल्या दिवशी ते घालून दुकानात उभे राहिले तर कटिंगचे टेबल एकाएकी खाली गेले, हाताचा अंदाज चुकला आणि एका वकिलाच्या कोटाची बाही मनगटाच्या बरीच अलीकडे संपली. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसले, पाय टेकले, डोळ्यांत पाणी आले. मग पहिला गिअर टाकला, दुसरा टाकायला बूट लिव्हरखाली घातला, आणि तो जाडजूड बूट तिथेच पाचरीसारखा बसला. बाजारपेठेतून पहिल्याच गिअरमध्ये, प्रचंड आवाज करीत, पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने मास्तरांची मिरवणूक निघाली. एक ओळखीचे आजोबा तर फर्लांगभर शेजारून गप्पा मारत आले.

बूट माळ्यावर गेले. तेवढ्यात दुसरे प्रकरण उद्भवले. गाडी खाली आली होती, पण तिचे बाजूचे स्टँड होते तेवढ्याच लांबीचे राहिले होते. त्यामुळे गाडी त्यावर कलून उभी न राहता शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ उभी राही. एका सकाळी सचिव आपल्या गुलाबांना पाणी घालीत असताना त्यांच्या झारीचा तिला निसटता धक्का लागला. गाडीने थोडा विचार केला आणि ती दुसऱ्या बाजूला, सात कुंड्यांवर, निजली. त्याच दुपारी फळ्यावर सूचना लागली: 'सदस्यांनी आपली वाहने आवारात उभी करावीत. आडवी करू नयेत.' नाव नव्हते. पण खाली कोणीतरी पेन्सिलीने शिवणयंत्राचे चित्र काढले होते. गॅरेजवाल्याने स्टँड कापून दिले. मास्तरांच्या हातचे गुण गॅरेजवाल्यालाही लागले असावेत, कारण दोन वेळा कापूनही ते त्याला लांबच वाटत राहिले आणि तिसऱ्यांदा फारच आखूड झाले. आता गाडी इतकी कले की ती उभी करायला दोन माणसे लागत. मग त्याने तळाला लोखंडाची चकती जोडली आणि ते एकदाचे जमले.

रविवार तेरा दिवसांवर आला. थोरल्यांचा फोन येऊन गेला. "गाडी घेतली म्हणे? मोठी? वा! पण जमत नसेल तर संकोच करू नका हं धाकटे. मी आहेच."

त्या संध्याकाळी मास्तर दुकानात कोणाच्या तरी विजारीचे माप शोधत मापांची वही चाळत होते. एका पानावर बाईंच्या सुबक अक्षरात नोंद होती: 'घरचे. आतली लांबी: २६.'

मास्तरांनी चष्मा पुसला. आकडा बदलला नाही.

"अगं, हे काय आहे?"

बाई काज करीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं माप."

"तू तर अठ्ठावीस म्हणालीस."

"म्हणाले अठ्ठावीस. लिहिलं खरं. नेहमीसारखं."

"अगं, पण मी काय गिऱ्हाईक आहे?"

"चार माणसं उभी होती तिथं," बाई म्हणाल्या. "तो टेम्पोवाला कान देऊन ऐकत होता. परक्या माणसाची अब्रू राखायची आणि नवऱ्याची नाही? मला वाटलं, तुम्ही समजून घ्याल आणि त्याला मागून हळूच सांगाल. रिवाज तुमचाच आहे."

मास्तर स्टुलावर बसले. "पण मी अठ्ठावीसच आहे. माझ्या सगळ्या पँटी अठ्ठावीसच्या कटिंगवर बेततो मी. लग्नाआधीपासून."

"ते कटिंग कुणाच्या मापानं झालं होतं?"

"अण्णांनी माप घेतलं होतं. मोठ्यानं म्हणाले होते, अठ्ठावीस. मला चांगलं आठवतंय, पाहुणे बसले होते..."

बोलता बोलता मास्तर थांबले.

"आणि तुमच्या पँटींना खालून दोन इंच दुमड कोण घालतंय सव्वीस वर्षं?" बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"मला वाटायचं, कापड आटेल म्हणून ठेवतेस."

"टेरिकॉट आटतं का कधी?"

बापाने आणि बायकोने मिळून एका माणसाला आयुष्यभर दोन इंच उंच ठेवले होते, आणि ते इतक्या सफाईने की शिंप्यालाही टाका दिसला नाही. मास्तरांना राग यायला हवा होता. तो आलाही, पण तो नेमका कोणावर धरावा हे ठरेना, आणि मालक मिळाला नाही की राग फार वेळ उभा राहत नाही. जेवताना ते एवढेच म्हणाले, "पाहुण्यांसमोर ठीक आहे. पण गॅरेजवाल्यासमोर खरं बोलायला हवं होतंस. कपडा खऱ्या मापानं शिवायचा, एवढंच तर आपलं धोरण."

"चुकलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गॅरेजमध्ये गेले. सगळे निघून जाईपर्यंत उगाच टायर पाहत उभे राहिले आणि मग गॅरेजवाल्याच्या कानात पुटपुटले. "सव्वीस?" तो ओरडला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. आठ दिवस ज्याच्या कामगिरीवर शंका घेतली गेली त्या माणसाची ती सुटका होती. त्याने भिंतीवरचा आकडा ओल्या फडक्याने पुसला आणि त्या जागी, पुन्हा गोंधळ नको म्हणून, पांढऱ्या रंगाने आणि ब्रशने '२६' असे लिहिले. ते रस्त्यावरून वाचता येत असे. अजूनही येते.

गाडी आणखी दोन इंच खाली आली, आणि स्टँडची चकती निघाली. चवडे टेकले. पण गॅरेजवाल्याने बजावले, की इतका बदल केला म्हणजे परिवहन कार्यालयात नोंद हवी. वाटेत कोणी अडवले तर गाडी जप्त होईल. तेव्हा मास्तर सात क्रमांकाच्या खिडकीपुढे उभे राहिले. अर्जात एक रकाना होता, 'बदलाचे कारण'. मास्तरांनी लिहिले होते, 'सोयीसाठी'.

"सोय हे कारण होत नाही," कारकून म्हणाला. "दोष कुणात आहे ते लिहा. गाडीत की माणसात?"

"दोष कुणातच नाही. गाडी उंच आहे, एवढंच."

"म्हणजे गाडीत दोष. कंपनीचं पत्र आणा."

कंपनीने चार दिवसांत कळवले की गाडीत कोणताही दोष नाही.

"म्हणजे माणसात," कारकून म्हणाला. "डॉक्टरचा दाखला आणा."

डॉक्टरांनी मास्तरांना तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ पाहिली आणि लिहून दिले की, सदर इसम सर्व दृष्टींनी सुदृढ असून त्याच्यात कोणताही दोष आढळत नाही. एरवी मास्तरांनी हा कागद चौकटीत बसवून दुकानात लावला असता.

कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "गाडी निर्दोष. माणूस निर्दोष. मग तुमची तक्रार काय आहे?"

शुक्रवार होता. रविवार परवावर आला होता. मास्तरांचा संयम दोऱ्यासारखा तुटला, पण तुटल्यावर त्यातून जे निघाले ते धंद्याचेच होते.

"साहेब, जरा उभे राहता का?"

कारकून उभा राहिला. का, ते त्यालाही कळले नाही.

"ही पँट तयार घेतलीत ना? घोट्यावर चुण्या पडल्यात बघा. आता सांगा, पँटमध्ये दोष आहे?"

"नाही. चांगल्या कंपनीची आहे."

"तुमच्या पायात दोष आहे?"

"छे."

"तरी चालताना टाच कापडावर पडते की नाही?"

कारकून आपल्या पायांकडे पाहत राहिला. "जिन्यावरून दोनदा पडलोय," तो अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला. मग खाली बसून त्याने अर्ज उलटा केला. "मागं एक रकाना आहे, 'इतर' म्हणून. मी इथं आल्यापासून कुणी भरलेला नाही." आणि त्याने सावकाश लिहिले: 'वाहन व चालक दोन्ही निर्दोष. परस्परांस अनुरूप नव्हते. आता आहेत.'

हे वाक्य पुष्कळ घरांच्या दारावर लावता येईल, असे मास्तरांच्या मनात आले. त्या कारकुनाची विजार पुढे कोणी आखूड करून दिली हे सांगणे सरकारी शिस्तीला धरून होणार नाही.

रविवारी सकाळी मास्तर गाडीवर बसले आणि मागे बाई बसल्या. त्याबरोबर गाडी खाली दबली आणि मास्तरांची पावले टाचेपासून चवड्यापर्यंत जमिनीवर सपाट टेकली.

"अगं!" मास्तर म्हणाले. "तू बसलीस की माझे पाय टेकतात."

"एवढं कळायला सव्वीस वर्षं लागली," बाई म्हणाल्या. "चला आता."

पण ज्या वजनाने पाय टेकत त्याच वजनाने गाडीचे पोटही टेके, हे पहिल्याच गतिरोधकावर एका भयंकर खरखराटासह कळले. तेव्हापासून पद्धत अशी पडली: गतिरोधक दिसला की मास्तरांनी थांबायचे, बाईंनी उतरायचे, मास्तरांनी चवड्यांवर तोल सांभाळत एकट्याने गाडी पार न्यायची आणि बाईंनी पदपथावरून चालत येऊन पुन्हा बसायचे. वाटेत चौदा गतिरोधक लागले. सातव्यापाशी एका बसमधल्या माणसाने बाईंना विचारले, "भांडण झालंय का?" बाई म्हणाल्या, "नाही, प्रवास चाललाय."

तरीही सकाळ स्वच्छ होती, रस्ता मोकळा होता, आणि मांडीवर कोणाची पिशवी नव्हती. मास्तरांनी हेल्मेटच्या आत दोन-तीनदा शीळ घातली.

थोरल्यांच्या कॉलनीत वळताच ती शीळ थांबली. थोरल्यांचे घर चढावर होते. फाटकापुढचा रस्ता एका बाजूला गटाराकडे असा उतरत होता, की डावा पाय सोडला तर तो हवेतच राहणार. फाटकाशी बाईंच्या ताई आणि थोरले उभे होते. थोरल्यांनी दोन्ही हात पसरून ठेवले होते, जणू वरून काही झेलायचे आहे. ते हात पाहिले आणि मास्तरांनी वेग वाढवला. गाडी फाटकासमोरून निघून गेली.

"अगं, कुठं चाललात? हेच घर!" ताई ओरडल्या.

"कॉलनी बघून येतो!" बाईंनी मागे वळून हात हलवला.

कॉलनीला एकच गोल रस्ता होता, आणि तोही सगळा गटाराकडे कललेला. दुसऱ्या फेरीला शेजारचे लोक गच्चीत आले. तिसऱ्या फेरीला कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"अहो, किती बघायची कॉलनी? पाठ झाली," बाई कानाशी म्हणाल्या.

"उतार आहे."

"दिसतोय मला. भाऊजींना धरायला सांगू?"

"मुळीच नाही."

"बरं. मग पेट्रोल संपेपर्यंत फिरू."

चौथ्या फेरीला थोरले फाटक सोडून रस्त्यावर आले आणि गाडीच्या शेजारून धावू लागले. मास्तरांनी मान वळवली. सहासष्ट वर्षांचा तो सहा फुटी माणूस घरातल्या सपाता फटफटवत, छातीवर हात धरून पळत होता. त्याचा चष्मा नाकावर घसरला होता आणि चेहरा भीतीने पांढरा पडला होता.

"धाकटे! ब्रेक गेले का? घाबरू नका! मी आहे!"

त्या आवाजात बडेजाव शोधूनही सापडला नाही. हा माणूस सव्वीस वर्षे न्यायला येई तेव्हाही त्याच्यात बडेजाव होता की नाही, याविषयी मास्तरांना प्रथमच शंका आली. पण पुढच्या वळणावर थोरले दिसेनासे झाले आणि विचाराला वेळ उरला नाही, कारण एक फेरी चाळीस सेकंदांची होती.

पाचव्या फेरीला मास्तरांनी हेल्मेटची काच वर केली आणि साऱ्या गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ब्रेक ठीक आहेत, थोरले! पाय पोचत नाहीत! माप सव्वीस आहे! धरा!"

थोरल्यांनी धरली. दोन्ही हातांनी, पोटाने आणि एका गुडघ्याने धरली. आधी बाई उतरल्या, मग मास्तर उतरले.

"आलो गं," बाईंनी ताईंच्या गळ्यात हात टाकला. "आमच्या गाडीनं."

"अहो धाकटे," थोरले मागून धापा टाकत म्हणाले, "हिला ठेवायची कुठं?"

मास्तरांनी रस्ता पाहिला, गटार पाहिले, फाटकातला चढ पाहिला. त्या उतारावर जगातले कोणतेही स्टँड टिकणार नव्हते. "सोडू नका," ते गंभीरपणे म्हणाले. "बघतो काहीतरी." आणि चार पायऱ्या चढून दिवाणखान्यात गेले.

खुर्ची थोरल्यांनी स्वतःसाठी करून घेतलेली, उंच होती. मास्तर तिच्यात मागे रेलून बसले. ताई चहा टाकायला आत गेल्या. खिडकीतून थोरल्यांचा घामेजलेला, पण गाडीच्या काळ्या टाकीवरून कौतुकाने फिरणारा चेहरा दिसत होता.

"धाकटे, किती वेळ धरायची?"

"चहा होईपर्यंत," मास्तर म्हणाले. त्यांचे पाय फरशीला टेकत नव्हते. त्यांनी ते खुशाल झुलू दिले.